रोयणीवरचा ठिपका

हॅलो?… हॅलो… कोण, पूर्णिमा?… व्हय, तुळजाआत्याच बोलते. माझा फोन दुसरं कोण उचलणार?

थांब, दगडावर बसू दे नीट. हितनं हातभर सरकले की आवाज तुटतोय… हां. बोल आता.

जेवण? सकाळचे आठ वाजलेत गं, कसलं जेवण?… आमचे ह्ये, तुझे मामा, बरे हायत. माझा दादा बरा हाय न्हवं?… बरं. तीन दिस झाले, रोज हितं येऊन बसते तुझा फोन यील म्हणून. निरोप मिळाला न्हाई?… कामात हुतीस. असू दे.

अळंबी?… न्हाई आणली. गेल्ते की. पाटी घेऊन गेल्ते, रिकामी आणली… अगं, उगवली न्हाई असं न्हाई. रोयणच न्हाई ऱ्हायली.

रोयण. वारूळ गं, अळंबीचं. माझ्या खांद्याला लागत हुती. फोडून टाकलीय… मुळापासनं. सगळी माती बाहेर.

अस्वल?… व्हय, अस्वलच असणार. कुदळ घेऊन आलं असणार. अन् जाताना पाण्याच्या चार बाटल्या टाकून गेलं असणार… मग? तू काय बी बोलतीस.

माणसं हुती. परशूनं बघितलं… खालच्या वाडीतला परशू, गुरं राखतो तो. गणेशगुडीकडनं जीप आल्ती म्हणे. पाच जण. गोणपाटं घेऊन… अगं ऐक ना, पुढं ऐक. वाट इचारली न्हाई कुणाला. तिथं जायला वाटच न्हाई, ठाऊक हाय तुला? फोन हातात धरून सरळ चालले. वर मान करून झाड बघितलं न्हाई, ओढा बघितला न्हाई. फोन बघत बघत थेट रोयणीम्होरं जाऊन हुभे.

परशूनं इचारलं की. त्येंनी फोन दाखवला त्येला. काय हुतं त्येच्यात, सांगू?… मी हुते. पाटी धरून हसतेय. नवं लुगडं. अन् फोटोखाली नकाशा, नकाशावर लाल ठिपका.

व्हय, मीच टाकला फोटो. कुठं न्हाई म्हणते? मागल्या श्रावणात टाकला. फोनवरच्या तुझ्या त्या आपल्या-आपल्यातल्या फोटो टाकायच्या जागेवर.

न्हाई, आता मी बोलते. त्येच्या आदल्या साली तू चवथीला आल्तीस, वाडीतल्या बायकांना पडवीत बसवलंस. म्हणालीस, ती मोठी कंपनी सोडा, ती तुमचं सगळं विकून खाते. हे आपलं. ह्येला मालक न्हाई. फोटो ठेवायचा कंप्यूटरचा डबा बेळगावात दादाच्या कपाटावर ठेवलाय, घरातलाच हाय. आपला डाटा आपल्या हातात… म्हणालीस का न्हाई? सुंदरीनं इचारलं, डाटा म्हणजे काय गं बाय? तर म्हणालीस, तुम्हाला जे जे ठाऊक हाय ते सगळं.

मग मला एक सांग. मी फोटो टाकला. ठिपका कुणी टाकला?



काय?… परत सांग.

तू?… सगळ्यांच्याच फोनात ठिकाण दाखवायचं चालू ठेवलेलंस? पहिल्यापासनं?… कसला नकाशा?… तालुक्याचा. कुठं काय उगवतं त्येचा. चांगलं काम हाय, व्हय. लई चांगलं. मला इचारलंस?

लिहिलेलं हुतं? कुठं?… अटीत. मी अटी वाचल्या म्हणतीस? मी बटण दाबलं म्हणतीस? पूर्णिमा, बटण मी न्हाई दाबलं. तू माझं बोट धरलंस अन् दाबलंस. "हितं दाब, आत्या." बोट माझं हुतं, खरं हाय.

रडतीस कशाला? मी रडले का?… बरं, पुसलास न्हवं तो फोटो?… कधी?… काल. म्हणजे निरोप पोचला हुता, अन् मघाशी अस्वल म्हणत हुतीस… बरं, मग गेला?… आपल्या डब्यातनं गेला. आपल्या म्हणजे?… अन् बाकीच्या?

एकेचाळीस ठिकाणी?… जर्मनीत? जर्मनीत कोण खातंय माझी अळंबी?… व्हय, व्हय, समजलं. हे डबे एकमेकांशी बोलतात, एकाचं दुसऱ्याकडं जातं. ते तवा न्हाई सांगिटलंस… मग त्येंना सांग पुसायला… विनंती पाठवलीस. त्येंनी न्हाई ऐकली तर?… त्येंच्यावर आपली सत्ता न्हाई. म्हणजे कुणाचीच न्हाई.

मग कंपनीत अन् तुझ्यात फरक काय ऱ्हायला गं? तिथं निदान शिव्या कुणाला द्यायच्या ते तरी ठाऊक हुतं. हितं कुणाला देऊ? माझ्याच भावाच्या लेकीला?

नुसती अळंबी म्हणतीस? तुला कळंना झालंय. सातेरीच्या देवळात काय पुजतो आपण? मूर्ती हाय तिथं? रोयणच हाय. आमी वरनं उमललेली तेवढी खुडायची, कळी ठेवायची, मातीला नख लावायचं न्हाई. सासूनं हात धरून शिकवलं. लग्न होऊन अकरा वर्षं झाल्यावर दाखवली तिनं मला… अकरा. तवर मी घरात कोण हुते ठाऊक हाय? भाकरी थापणारी. त्या दिशी मला म्हणाली, आता तुझी. जाताना एका वाटेनं जा, येताना दुसऱ्या वाटेनं ये, पाटीवर पानं झाक. तुझ्या मामांना आजून ठाऊक न्हाई. दर साली इचारतात, कुठनं आणलीस? मी म्हणते, खा गप.

तिला तिच्या सासूनं दाखवलेली. त्येच्या आधी कुणी, ते ठाऊक न्हाई. कुणी लिहून ठेवलं न्हाई ना. डाटा आपल्या हातात म्हणालीस तू… आमच्या हातातच हुता की गं.

का टाकला?… इचार, इचार. माझी बी चूक सांगते. सुंदरी म्हणाली हुती, यंदा मला एक बी न्हाई मिळाली. तिला दाखवायची हुती पाटी. मोठेपणा, दुसरं काय? त्रेपन्न जणांनी लाल बदाम पाठवले. दोन दिस हितं ह्या दगडावर बसून मोजत हुते मी. लाज वाटते आता सांगायला.

काय म्हणतीस?… फोडलेल्या रोयणीचा फोटो? तो टाकायचा?… लोकांना कळू दे? अगं, लोकांना कळलं म्हणूनच तर फोडली! तुझं डोकं ठिकाणावर हाय का?… न्हाई. मी न्हाई काढणार फोटो. तू बी येऊ नको काढायला.

चवथीला? ये की. घर तुझंच हाय. खरं सांगू, यंदा तुला मुद्दाम बोलावलं हुतं. माझा किरण पणजीला, त्येला अळंबी म्हणजे हॉटेलातली पांढरी बटणं. सून यील तवा यील. म्हणलं, माहेरची पोर हाय, जंगलाची आवड हाय, हिलाच दाखवावं. पहाटे न्यायची हुती तुला. मामांना सांगायचं न्हाई, असं बी म्हणणार हुते.

दुसरी?… दुसरी हाय का इचारतीस?

हाय.

सासूनं दोन दाखवल्या हुत्या… न्हाई. न्हाई सांगणार. कुठल्या अंगाला ते बी न्हाई… तुझी शपथ नको. तू खरंच कुणाला सांगणार न्हाईस, मला ठाऊक हाय. तू त्या दिशी बी कुणाला सांगिटलं न्हवतंस.

ती आता माझ्याबरोबर सरणावर जाईल. जाऊ दे… हां, आता तिकडंच चालले. ऊन व्हायच्या आत… न्हाई, फोन नेत न्हाई. हितं दगडाखाली ठेवून जाते, येताना घेईन.

पुरे, पुरे आता. डोळे पूस. तालुक्याचा नकाशा हाय न्हवं तुझ्याजवळ? त्यो बघत बस. माझी वाट नको बघू.

ठेवते.