मादी कुणीकडे बसते

सकाळी अकरा वाजता दातांच्या दवाखान्यातली वीज गेली आणि रांग थांबली. गाल धरून बसलेल्या शिंपीणबाईंच्या शेजारी एक नवराबायको बोलत होते.

"खरं सांग, माझा प्रयोगशाळेतला कोट तू वासाच्या पावडरीत धुतलास?"

"मळला होता, म्हणून धुतला. कौतुक राहिलं बाजूलाच!"

"अरे, त्या दोन जातींचे उंदीर दिसायला अगदी सारखे. मादी आपल्या जातीचा नर ओळखते ती त्याच्या मुताच्या वासावरून. आज मी तिच्या दोन्ही बाजूंना दोन्ही जातींच्या नरांखालचा भुसा ठेवून आले, ती कुणीकडे बसते ते बघायला, आणि तेही तोच कोट घालून. आता सगळीकडे गुलाब!"

"आणि तिला गुलाबच आवडला तर?"

"तर माझं वर्ष पाण्यात. हसू नकोस."

"तुझा फोन वाजतोय. प्रयोगशाळेतूनच आहे."

"हं, बोल गं. डावीकडे? आपल्याच जातीच्या भुशाकडे? बसली?"

"काय म्हणते?"

"गेलीय डावीकडे. पण बसली नाही, नुसती हुंगतेय."

"बघ, गुलाबातूनही ओळखलं तिनं."

"बसू दे आधी, मग तुला माफी."

वीज आली. शिंपीणबाईंना हाक आली.

"मागच्यांना घ्या," त्या गाल न सोडता म्हणाल्या. "बसली का गं?"

बायकोच्या कानाला फोन तसाच होता.

"अजून हुंगतेच आहे, काकू."