फोटोला घातलेली माळ

हे कुणाला सांगायचं नाही, अशी आजोबांनी मला शपथ घातलीय. पण तू ऐकच.

आमच्या कॉव्हेंट्रीच्या घराजवळ एक जुना पब आहे. परवा दुपारी तिथे त्या पबच्या इतिहासावर गप्पा होत्या. आजीला ‘लायब्ररीत जातो’ असं सांगून आजोबा मला घेऊन तिथे गेले. फायरप्लेसच्या वर एका तरुणाचा जुना फोटो होता आणि त्याला सुक्या फुलांची माळ. आजोबांनी टोपी काढली, हात जोडले. मग बारमागच्या मालकाला हळूच म्हणाले, “व्हेरी सॉरी. कधी गेले?”

मालकाने फोटोकडे पाहिलं. “आत्ताच गेलो होतो. तळघरात, बिअर आणायला.”

कोपऱ्यातली म्हातारी लगेच उभी राहिली. “भला माणूस होता हो! पण ग्लास कधी काठोकाठ भरला नाही.”

काल आम्ही आजीबरोबर तिथून जात होतो, तर मालक दारातून ओरडला, “सर, मी अजून जिवंत आहे!”

“हे कोण हो?” आजीने विचारलं.

“लायब्रेरियन.”

“अस्सं? मग उद्या मलाही न्या.”

आता आजी साडी नेसून तयार आहे, आजोबा बाथरूममधून बाहेर येत नाहीयेत, आणि तिने मला विचारलं तर मी— आले गं आजी!