अण्णाचा कप, माझा कप

माझं माहेर कोगनोळी, दिलेली निपाणीत, आणि लगीन झालं तवापास्नं तंबाखूच्या वखारीत चाळायला जाते. काय सांगू तुम्हाला, त्या खकाण्यानं, तंबाखूच्या बारीक धुळीनं, नवी बाई शिंकून शिंकून बेजार हुती, मी मात्र चाळत चाळत गाणी म्हणायची, आवाज असा खणखणीत. मग तोंड कोरडं पडाय लागलं, भाकरीचा घास पाण्याबिगर उतरंना, दात किडाय लागले, डोळ्यात वाळू गेल्यागत व्हायचं, तर सगळ्यांनी खकाण्यावरच ढकललं. मीबी तेच म्हणायची. वखारीतल्या बाईला आणि काय व्हणार?

त्यातच आई गेली. आमच्यात लेक कशी रडती त्याकडं सगळ्या गावाचं ध्यान असतंय. बाया गळा काढून रडत हुत्या, मी आईचे पाय धरून बसलेली, पण डोळ्यात टिपूस न्हाय. थोरला भाऊ अण्णा सगळ्यांदेखत म्हणाला, दगड हाईस तू. तवापास्नं बोलणं बंद. आईसंगं माहेरबी गेलं म्हणायचं, दुसरं काय.

लेक माझी शोभा बेळगावात नोकरीला, तिनं मला दातासाठी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई कानडी, मलाबी येतंय. तोंडात आरसा घातला तर तो गालालाच चिकटला. मग म्हणाल्या, उद्या काही न खाता-पिता या, थुंकी तपासू. आवं, थुंकीत काय बघणार? दुसऱ्या दिवशी हातात कप दिला, म्हणाल्या मान खाली घाला, गिळू नका, आपसूक येईल तेवढी लाळ पडू द्या. बसले की मी. कप ठाक कोरडा! बाई म्हणाल्या, गाबरी आगब्याड्री, घाबरू नका, पण नुसत्या खकाण्यानं हे असं हुईत न्हाय. मग रक्त काढलं, डोळ्यातलं पाणी मोजाय पापणीत कागदाची पट्टी लावली, ओठाच्या आतला बारीक तुकडा घेतला, आणि सांगितलं, अंगाची राखण करणारी शक्तीच तुमच्या लाळंच्या न् आसवांच्या गाठींवर उलटलीया. मी म्हटलं, म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं की. त्या हसल्या. मला मात्र आसवं म्हटल्याबरोबर आईची माती आठवली.

वर्षश्राद्धाला बोलावणं नसताना गेले. सोप्यात सगळी भावकी बसलेली. पिशवीतनं दोन कागदी कप काढले, एक अण्णाच्या हातात दिला, म्हटलं मान खाली घाल, गिळू नगंस. हे काय खूळ गं, म्हणाला. म्हटलं, दगडाचं एवढं तर ऐक. बसलो दोघं माना घालून, आई असती तर उलथनं घेऊनच आली असती. अण्णाच्या कपाचं बूड कवाच झाकलं, माझ्यात नुसती ओल. म्हटलं, तोंडाचं हे, डोळ्याचंबी हेच. रडू लई येतंय रं अण्णा, पाणी येत न्हाय.

अण्णा एकदा ह्या कपात बघायचा, एकदा त्या कपात. मग एवढा बाप्या गडी हुंदके देऊन रडाय लागला, म्हणाला, आईला तुझ्या वाटणीचंबी मीच रडतो गं बाय.

रोग मुळापास्नं जात न्हाय म्हणत्यात. जाईना तर जाईना, मीबी कुठं जात न्हाय. डोळ्यात थेंब घालते, बाटली जवळ ठेवते, गाण्याच्या मधी घोट घेते. कोगनोळीला गेले की अण्णा भाकरीच्या आधी तांब्या माझ्याकडं सरकवतोय. बास की! तुमच्याबी लेकराबाळांचं भलं होवो, आणि रडू आलं तर रडून घ्या बाबा, लाजू नका.