कंप्युटरातला हेर

“या जगात गुपित म्हणून काय उरलेलं नाय, जुबेर!”

घोडेगावच्या स्टँडवर आमची गाडी अजून लागली नव्हती, त्यामुळे हे आम्ही सगळ्यांनीच ऐकून घेतलं.

“आता काय झालं, कुंडलिकतात्या?”

“घरच्या कंप्युटरात हेर शिरलाय. अक्षदाचा बायोडाटा त्याच्यावर टाईप केला आन् लागोपाठ दोन स्थळं मोडली. पावणं बघायला यायच्या आधीच कुणीतरी जाऊन त्यांचे कान भरतंय.”

“परवा मी तुमच्या घरी बसून दोनदा स्कॅन केला. पासवर्ड बदलला. काय सुदीक सापडलं नाय.”

“लई हुशार हेर आसंल. तुझ्या काकीनं कॅमेऱ्यावर सोताची टिकली लावलीया. मी वरून टावेल टाकतो.”

“आन् पावण्यांशी बोलणी कुठनं करता?”

“घरात रेंज कुठंय? हितं स्टँडवर येऊन फोन लावतो. ऐकू कमी येतं, म्हणून स्पीकरवर.”

“तात्या...”

“थांब, आधी ऐक. पोरगी म्हणती, आता मोडलं तर पुन्हा कुणापुढं बसणार नाय. म्हणून या बारीला कंप्युटरला हातच लावला नाय. रविवारी पिंपरी पेंढारचं पावणं येत्यात. मुलगा सुदर्शन, बँकेत हाय. तुझ्यामाझ्यातच ठेव हां. आडनाव...”

नेमका तेव्हाच एका एसटीचा हॉर्न वाजला.

पलीकडच्या बाकावरची म्हातारी पुढं वाकली.

“भाऊ, आडनाव तेवढं परत सांगा. हॉर्नात ऐकू आलं न्हाई.”