मॅडमनी शिकवलेला नकार

सन्माननीय अध्यक्ष सुधाकरराव, प्रमुख पाहुण्या सुलभाताई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या इंग्रजीच्या निवेदिता मॅडम, सर्व गुरुजन आणि वरवट बकालच्या माझ्या बंधू-भगिनींनो, सविनय जय भीम आणि नमस्कार.

मी मंजुश्री, याच शाळेची विद्यार्थिनी, आता परिचारिका. मॅडमचा गौरव आधीच्या वक्त्यांनी केलाच आहे. मी त्यांच्या एकाच धड्याबद्दल बोलते: इंग्रजीत आमंत्रण कसं द्यावं, कसं स्वीकारावं, कसं नाकारावं. नाकारायला आम्हाला कुठं येत होतं? आपण "येतो, पाहू" म्हणतो अन् जात नाही. खरं की नाही? मॅडम सांगायच्या, "आधी आभार माना, मग स्पष्ट नाही म्हणा. खोटं कारण जोडू नका."

बारावीनंतर मला नर्सिंगला जायचं होतं, पण घरात बोलायची हिंमत नव्हती. त्याच उन्हाळ्यात रोहिणखेडचे पाहुणे मला पाहायला आले. मुलाचं नाव प्रसेनजित. चहा झाला. माझे बाबा, पुंजाजी, अभिमानानं म्हणाले, "पोरगी इंग्रजी बोलते बरं!"

मुलाचे चुलते हसले. "मंग होऊ द्या की! विचार रे तिले काही इंग्रजीत."

प्रसेनजित लाजला. मग म्हणाला, "वुड यू लाइक टु कम टु अवर हाउस?" आमच्या घरी यायला आवडेल का?

तुम्हीच सांगा, इतक्या माणसांत मला हे आजवर कोणी विचारलं होतं? धड्यातली वाक्यं तेवढी आठवली. "थँक यू फॉर इन्व्हायटिंग मी. आय अ‍ॅम अफ्रेड आय कान्ट कम. आय वॉन्ट टु स्टडी नर्सिंग." बोलावल्याबद्दल आभार, पण मी येऊ शकत नाही, मला नर्सिंग शिकायचंय.

"वा! काय फर्राट बोलते!" चुलते खूश. बाबांची छाती फुगलेली. समजलं होतं फक्त त्या एकट्याला.

"काय म्हणाली रे पोरगी?" चुलत्यांनी विचारलं.

प्रसेनजितनं हातातली बशी खाली ठेवली. आता हा सांगणार, आणि बाबांची मान सगळ्यांसमोर खाली जाणार.

"बोलावल्याबद्दल आभार मानले तिनं," तो म्हणाला. मग बाबांपुढे हात जोडले. "पुंजाजीकाका, माफ करा. मले सध्या लग्न नाही करायचं."

"काऊन बे? इथं येऊन सांगून राह्यला आता?" चुलते ओरडले. पाहुणे उठले ते त्याला बोल लावतच गाडीत बसले.

गावभर झालं, पोरानं मंजुश्रीले नापसंत केलं. बाबा त्याला शिव्या घालत होते. संध्याकाळी मला ते ऐकवेना. म्हटलं, "बाबा, नकार त्यानं नाही दिला. मी दिला."

बाबांनी शिव्या थांबवल्या. "मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"तुम्ही विचारलंच नाही, बाबा."

आईनं माझा हात घट्ट धरला. बाबा उठून अंगणात गेले. आत आले आणि त्यांनी फोन लावला, रोहिणखेडला. म्हणाले, "पाव्हणं, नकार आमच्याकडून होता. पोराले बोलू नका, त्यानं आमची इज्जत राखली." पलीकडून बरंच ऐकून घेतलं. फोन ठेवला आणि माझ्याकडे वळले. "आता विचारतो. कुठं शिकाले जायचं हाय तुले?"

मॅडम, त्या दिवशी मला घरात पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, आणि मी मराठीतच उत्तर दिलं.

संयोजकांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. घरची गोष्ट सभेत आणली, बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर लेकीचं बोलणं समजून पोटात घाला. जय भीम.