घंटेची किल्ली

टण्ण… आणि मग दोराची ती करकर. माझ्या लहानपणी आपल्या या मिशन शाळेची घंटा अशी वाजली, की महागावच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाया कंबर सरळ करून विचारायच्या, "कोन गेलं वो?" शाळेत शिकवलेलं किंवा शाळेचा कारभार पाहिलेलं कुणीही वारलं, की ती वाजायची. जातधर्म विचारत नसे.

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आजी-माजी शिक्षक आणि मागे पोह्यांच्या वासानं चुळबुळणारे माझे जुने विद्यार्थी, आपणा सर्वांना भीमराजचा नमस्कार.

आपले कार्यवाह बाबाराव आज पदावरून निवृत्त होत आहेत. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत. शाल-श्रीफळ त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर आहे. रिवाजाप्रमाणे त्यांच्याकडची घंटाघराची किल्ली आता सर्वांत जुन्या शिक्षकाकडे, म्हणजे माझ्याकडे आली. ही पाहा.

माझी पत्नी सत्यशीला याच शाळेत शिकवायची. पवित्र शास्त्रातली ज्ञानाची वचनं ती कवितेसारखी चालीवर म्हणून घ्यायची. शहाणा आणि मूर्ख शेवटी एकाच मातीत जातात, हे सांगताना पोरांच्या तळहातावर खडूची भुकटी देऊन फुंकायला लावायची. शेजारच्या वर्गात मी माझी कविता थांबवून ऐकत राहायचो.

ती गेली तेव्हा मी किल्ली मागायला गेलो. बाबाराव पान लावत होते. म्हणाले, "भीमराज, घंटा कायले? तिनं बाप्तिस्मा घेतलता काय?"

आम्ही बौद्ध. शास्त्र शिकवायला ती चालली, मेल्यावर चालली नाही. शास्त्रात एका नीतिमान माणसाचं सगळं जातं, तो राखेत बसतो, तेव्हा मित्र येऊन त्यालाच दोष देतात. माझ्याकडेही असे मित्र आले. चहा पिऊन गेले.

निरोपाला गोड बोलावं म्हणतात. पण कुणी? ज्याच्या घरचं माणूस घंटेविना गेलं, त्यानं? सूड देवावर सोपवावा, हे वचन सत्यशीला फार हळू म्हणायची. मला ते कधी पाठ झालं नाही. बाबाराव जातील, तेव्हा ही किल्ली माझ्या खिशात असेल, आणि मी पान लावत बसेन. अध्यक्ष महाराज, खुणा करू नका, संपवतोच.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. जास्तीचं काही बोललो असेन, तर म्हाताऱ्याचं समजून पोटात घाला…

दारात कोण? रंजिता? मंडळी, बाबारावांची लेक आहे. सत्यशीलेच्या वर्गातली. अशी अनवाणी का आलीस, पोरी? मोठ्यानं बोल.

मागच्यांना ऐकू आलं नसेल. ती म्हणते, "सर, बाबा गेले. आईनं मले घंटेसाठी पाठवलं."

…चल. दोर माझ्यासोबत तू धर. आधी सत्यशीलेची घंटा वाजेल. ती पुरी होईस्तोवर तुझ्या बाबांना थांबावं लागेल.