तपकिरी चीजवरचा आळ

फेरीबोटीसाठी लागलेल्या गाड्यांच्या रांगेत तोरलाइफ आपल्या गाडीतून उतरून पाय मोकळे करत होता. पुढची निळी गाडी इतकी जुनी, की समोरची डोंगरांमधली खाडी, हा फिओर्ड, खणला तेव्हा दगड हिनेच वाहिले असावेत. तिचं दार उघडं होतं आणि आत एक म्हातारं जोडपं भांडत होतं.

“गुनवोर, पुन्हा तो गोडसर वास! तुझं ते तपकिरी चीज.”

“महिनाभर हेच ऐकतेय, आस्ब्यॉर्न. आज चीज मुद्दाम घरी ठेवलंय.”

“घरी? मग मी खाऊ काय?”

“नातवाच्या बाप्तिस्म्याचं जेवण. आता सांग, वास कशाचा?”

“तुझ्या लोकरी मोज्यांचा.”

“मोजे ओलेच आहेत, कारण पायाखालचा गालिचा ओला आहे. हीटर लावला की काचेवर चिकट धुकं येतं. इंजिन थंड ठेवणारं कूलंट किती वेळा भरलंस?”

“अधूनमधून, घोटभर. म्हातारीला तहान लागते.”

“ती पिते आणि माझ्या पायांवर सोडते! हीटरमधून कूलंट गळतंय, गोडसर वास त्याचाच. हिला घेऊन घाट चढलास, तर नातवाचं नाव आपल्याला फोनवरच कळेल.”

“अगं, चाळीस वर्षं चढतेय ती.”

“मीही चढतेय. पण मी गळत नाही. पलीकडून चर्चपर्यंत बस जाते. मी निघाले, तुझं तू बघ.”

बोटीचा भोंगा वाजला. आस्ब्यॉर्नने गाडी रांगेतून काढून कडेला लावली आणि तिचं बॉनेट थोपटलं.

“थांब गं गुनवोर, हिची काच जराशी उघडी ठेवतो. बिचारी एकटी गुदमरेल.”

“महिनाभर मी गुदमरत होते, तेव्हा नाही उघडलीस ती!”